प्रवासाचं कारण

डिझेल काउन्सिलचं, विमा काउन्सिलचा,
हात मात्र गेथिनचे,
चाळीस वर्षं स्लेटच्या खाणीत झिजलेले,
आता मंगळवारी मिनीबसच्या स्टिअरिंगवर.
मी शेजारी, मांडीवर फॉर्म:
नाव, थांबा, प्रवासाचं कारण.

दवाखाना. पेन्शन. दवाखाना. केस कापणं.
मिसेस प्रॉसर म्हणाल्या, "लिही, नदी बघायला."
लिहिलं.

गुरुवारी रोद्रीचा फोन.
"नदी कुठल्या रकान्यात टाकू?
वर हिशोब द्यावा लागतो मला."
आवाजात राग नव्हता;
सहा जणांचं टेबल आता तो एकटाच ओढतो.
म्हटलं, मंगळवारी ये. सव्वानऊ. चॅपलपाशी.

आला. फाईल पोटाशी धरून
मागच्या सीटवर बसला.
पुलावर गेथिननं नेहमीसारखी गाडी हळू केली,
सगळ्यांनी नेहमीसारखं डावीकडे पाहिलं.
गढूळ पाणी. एक राखी बगळा.
बस्स, एवढंच.
"इथूनच जायचा तो कामाला. पायी,"
मिसेस प्रॉसर काचेला म्हणाल्या.
कोण, ते रोद्रीनं विचारलं नाही.

पुढच्या महिन्याचा फॉर्म आला:
तेच रकाने, तोच शिक्का,
फक्त 'इतर'ची जागा
दोन बोटं रुंद.

टायरचे पैसे अजून आलेले नाहीत,
गेथिन आठवण करून देतो.