हॅशच्या पुढचं

फाईल आली तेव्हा साडेतीन केबीची होती.
पाठवणारा अडिवेप्पा, गोकाकचा,
तोंड बघितलेलं नाही मी त्याचं अजून.
माझी बस जांबोटीच्या वळणावर दर वेळी अडखळायची,
चित्र थांबायचं, आवाज पुढे जायचा,
आणि मी झाडात.
लॅपटॉप जुना, पुतणीनं टाकून दिलेला,
त्याला एवढं जंगल पेलत नव्हतं.

अडिवेप्पानं जंगल विरळ केलेलं.
झाडं = ०.४
सावल्या = ०
धुकं मात्र होतं तसंच ठेवलेलं
आणि शेजारी हॅश मारून कानडीत एक ओळ.

हॅशच्या पुढचं यंत्र वाचत नाही.
ते माणसासाठी असतं.
उद्यमबागेत आमच्या सीएनसीवर
पाळी सुटताना मोनाप्पा चिठ्ठी चिकटवून जातो:
टूल चार दोन शतांश मागं घे, तापली की सरकत्या.
आकडा स्क्रीनवर असतोच.
का, ते चिठ्ठीत.

कानडी मला येतं ते शाळेपुरतं,
लाईटच्या बिलापुरतं.
बोट ठेवून एकेक अक्षर लावलं:
मंजु तेगीब्याड, तेगद्र घाट अनसूदिल्ल.
धुकं काढू नको, काढलास तर घाट वाटत नाही.
खरं आहे की.
मी खाली हॅश मारून मराठीत लिहिलं,
पहाटे लाईट डिम ठेव,
फुल मारलास तर सगळं पांढरं होतंय.
आणि पुढं चंदगडच्या दिगंबरला पाठवली.
त्यानं हॉर्न बदलला, त्यांच्या डेपोचा घातला,
हॅश, आमच्या गाडीचा आवाज आहे, सांभाळून घ्या.

सगळ्यात खाली एक ओळ होती:
पाटी =
आणि पुढं काही नाही.
खेळात एकच ओळ मावते, चौदा अक्षरं.
पाटीवरून इथं काय काय झालंय
ते मी कुणाला सांगू.
डांबराचे डबे आमच्या गल्लीतनं गेलेत,
तिकडनंही आलेत.
मोकळ्या जागेशेजारी अडिवेप्पानं लिहिलेलं
निंद नीन बर्को.
मी ते आधी 'बरं का' असंच वाचलं.
मग कॅन्टीनमध्ये महांतेशला दाखवलं,
तो चहा फुंकत म्हणाला,
तुझं तू लिहून घे म्हणतोय, एवढंच.

तीन दिवस मोकळ्या पाटीनं गाडी चालवली.
थांब्या-थांब्यावर खेळातली माणसं चढली,
सगळ्यांना एकच तोंड, एकच निळा शर्ट,
एकानंही विचारलं नाही कुठं जाणार.

चौथ्या दिवशी दुसरी पाळी सुटली पावणेबाराला.
तिसऱ्या गेटपासून मच्छेपर्यंत चालतच,
पायताणात लोखंडाचा कीस,
ट्रक अंगावर धूळ टाकून खानापूरकडे.
त्या वेळेला गाडी नाही. कधीच नव्हती.
घरी आलो, ताट झाकलेलंच ठेवून बसलो.

पाटी = गेट तीन ते मच्छे
वेळ = २३:५०
# ही गाडी नाही. पाहिजे होती.

दिली पाठवून दोघांना.

रविवारी फाईल फिरून आली, पाच केबीची झालेली.
गेटवरचा थांबा वीस सेकंदांचा सत्तर केलेला,
शेजारी कानडी, या खेपेला बोट न ठेवता लागलं:
थांब जरा, कार्ड पंच करायची रांग असते.

म्हणजे तोही कुठल्यातरी गेटवर उभा असतो.
कुठल्या, ते मी विचारलं नाही.
पाटी त्यानं बदलली नव्हती.

हॉर्न अजून फाटकाच येतोय,
दिगंबर म्हणतो आवाज ०.८ वर ठेव. ठेवला. तरी तेच.
जांबोटीचं वळण आता सुरळीत जातं,
झाडं मोजकी, धुकं भरपूर.
फक्त तिथं आलो की
माझंच बोट उचलतं, सवयीनं,
आणि गाडी उगाच हळू होते.