अंगठेबहाद्दर

एकोणीस वर्षं मी ग्रिम्सबीत बातम्या लिहिल्या.
आगी, निवडणुका, गोदीवरचे संप,
कोणाच्या गल्लीतला दिवा सहा महिने बंद,
आणि दर जानेवारीत
समुद्र किती पायऱ्या चढून आला ते.

क्लिफर्ड ब्लँचर्डची बातमी पान सातवर होती,
खाली उजवीकडे, गाद्यांच्या सेलला खेटून.
सरकारने त्याचा भत्ता थांबवला,
कारण आलेला निरोप त्याने उघडला नाही.
निरोप खात्यात होता, खातं इंटरनेटवर,
आणि इंटरनेट, तो म्हणाला, लायब्ररीत असतं,
मंगळवारी आणि शुक्रवारी, चारपर्यंत.

सहाशे शब्द. दोन्ही बाजू मांडल्या.
कात्रण त्याने फ्रिजवर लावलं.
भत्ता काही आला नाही.

मी तोवर पुढच्या दारात.
धंदाच तसा: बेल वाजवायची, चहा प्यायचा,
समोरच्याचं दुःख वहीत उतरवायचं
आणि दिवेलागणीच्या आत निघायचं.

मग पेपरनेच जागा सोडली.
तळमजल्यावर, जिथे छोट्या जाहिराती घ्यायचे,
तिथे आता आम्ही:
दान आलेले लॅपटॉप, एक केटल,
तीन पगार, नऊ स्वयंसेवक,
आणि दारावर माझ्या नावापुढे ‘संचालक’.
हा शब्द अजून दुसऱ्याच्या कोटासारखा,
खांद्यात सैल.

ज्या वाक्यांची मी टर उडवायचे
ती आता मीच लिहिते. ‘समावेशन.’ ‘लाभार्थी.’
काउन्सिलात मागच्या बाकावर जांभया दिल्या
तिथेच पुढे उभी राहून म्हणते,
पाण्याला नळ देता तशी घराला जोडणी द्या,
आणि सोबत शेजारी बसणारं एक माणूस द्या.
तीन मिनिटं मिळतात. लाल दिवा लागतो.
मला नेहमी चार लागतात.

फेब्रुवारीत क्लिफर्ड आला.
टॅब दिला. त्याने बोट टेकवलं. काही नाही.
पुन्हा, दाबून. काही नाही.
पंधराव्या वर्षापासून तो मासे कापतो,
कॉड, हॅडॉक, बर्फ, मीठ, सुरी.
बोटांवरच्या रेषा झिजून गेल्यात,
काच त्याला माणूस मानेना.

आमच्याकडे, मी सांगितलं,
सही न येणाऱ्याला अंगठेबहाद्दर म्हणतात.
अंगठा शाईत बुडवायचा, कागदावर टेकवायचा, झालं.
“म्हणजे मी त्याच्याही एक इयत्ता खाली,”
तो म्हणाला, आणि आम्ही दोघंही हसलो,
तो माझ्यापेक्षा जास्त वेळ.

रबरी टोकाची पेनं मागवली, पन्नासाचं पाकीट.
कुठल्या रकान्यात घालायची
हे खजिनदार अजून विचारतोय.
क्लिफर्डचा पहिला मेल मला आला.
आत काहीच नव्हतं.
विषयाच्या जागी त्याचं नाव, दोनदा.

कालची गोष्ट. टॅम्सिन नावाची मुलगी आली,
नव्या पेपरची, जो फक्त फोनवर निघतो.
बावीस-तेवीसची, ओला रेनकोट, स्पायरलची वही.
मी तिला क्लिफर्ड सांगितला, अंगठा सांगितला.
तिने मान डोलावली, मग विचारलं,
तुमचा पगार किती?
आणि उसने दिलेले किती टॅब परतच आले नाहीत?

पोटात गोळा आला.
मागोमाग दुसरंही काहीतरी,
आपली जुनी सायकल
कोणीतरी नीट चालवताना दिसावी तसं.

पगार सांगितला. टॅब, म्हटलं, एकतीस.
काही विकले गेले असतील,
काही कोणाच्या उशाशी असतील, मी मोजायला गेले नाही.
ती लिहीत होती.
मी टेबलापलीकडून, सवयीने,
तिची उलटी अक्षरं वाचली.

एकतीसच लिहिलं होतं.