पान्हा

शेळी माझी होती,
हे कुठल्याच अहवालात नाही.

बुकार्दोची शेवटची मादी झाडाखाली चिरडली.
तिच्या कानाच्या चिमूटभर कातडीतून
माझ्या शेळीच्या पोटी करडू झालं,
सात मिनिटं धापा टाकून गेलं.

एकच जात दोनदा संपली, कुणी म्हणालं.
छे, सात मिनिटं परतली, म्हणाले डॉक्टर बेल्त्रान.
सारागोसात वाद अजून मिटलेला नाही.
मला फोन आला: अभिनंदन, ओरोसिया.

शेळी घरी आली ती सड तटतटलेले घेऊन.
दाराशी हुंगत राहायची,
गाडी गेली त्या बाजूला तोंड करून.
चार दिवस मी धार काढली.
चीज लावायला हात धजला नाही,
ओढ्यात ओतलं.

पिरेनीजचे कडे वर.
ओढा आपला
खालीच वाहतो.