वाण

भुसावळात स्वीट पी लावायचा, म्हणजे
आधी थंडीचे दिवस मोजायचे.
मी मोजलेत, जुन्या ड्युटीवहीच्या पाठकोऱ्या पानांवर:
पांघरूण ट्रंकेतून निघालं ती तारीख,
आणि पंखा पुन्हा दोनवर गेला ती.
मध्ये उरतात नव्वद. एखाद्या वर्षी ऐंशी.
तेवढ्यात रुजायचं, चढायचं, कळी धरायची,
सगळं.

पहिल्या वर्षी हे ठाऊक नव्हतं.
कोटागिरीहून जयूनं पाकीट पाठवलं,
चित्रात फिक्या जांभळ्या, झालरीच्या पाकळ्या.
"वास इतका, की तुला खिडकी लावून घ्यावी लागेल."
तिच्याकडे मे महिन्यातही स्वेटर लागतो.
माझ्याकडे वेल पऱ्हाट्यांच्या मांडवावर
खांद्याएवढा झाला, डोक्यावरून गेला,
फेब्रुवारी संपला तरी नुसता पाला.
नेहेतेकाकू रोज कुंपणाशी:
"वाटाणा ना हा? मग शेंगा केव्हा?"
सांगितलं, याच्या शेंगा खायच्या नसतात, बी विषारी.
त्या मांडवाकडे बघत राहिल्या.
"खायचं नाही, फुलत नाही,
मग काहून पोसता त्याले?"

यावल रस्त्यावर सिकंदर तडवींची रोपवाटिका.
त्यांनी पाकीट उलटं केलं, चित्र पाहिलंच नाही.
"बाई, रंग मागून विचारा.
आधी विचारा, कळी धरायला दिवस केवढा लागतो.
हा वाण लांब दिवसाचा.
बारा तासांचा दिवस होईस्तोवर येतो मार्च,
अन् मार्चात आपलं गाव म्हणजे तवा.
तुम्हाला पाहिजे तो आखूड दिवसातला.
ठेंगणा. झालर कमी. वासही बेताचा.
पण वेळेवर."

वेळेवर. हे मला,
जिनं एकतीस वर्षं जाळीच्या खिडकीआडून
'दीड तास लेट' एवढंच सांगितलं.

आता दसऱ्याला बी भिजवते,
आधी डोळा वाचवून चाकूनं एक ओरखडा.
काळ्या मातीत तापीची वाळू,
बुंध्याशी केळीची वाळली पानं,
मुळं गार तर वेल शहाणा.
पश्चिमेला तुरीची ओळ:
दुपारचं ऊन ती अंगावर घेते, बोलत नाही.

मला हळदीकुंकवाला कुणी बोलवत नाही,
म्हणून संक्रांतीला मीच सगळ्यांना बोलावते.
यंदा प्लास्टिकचे डबे नाहीत.
चार-चार देठ, तांबडे, पांढरे, ओल्या दोऱ्यानं बांधलेले.
लुटायचं ते वाण आणि पेरायचा तो वाण,
आमच्या भाषेत लिंग तेवढं वेगळं.
नेहेतेकाकूंनी हुंगलं. "येतो की वास."
पुन्हा हुंगलं. "येतो ना?"

जयूच्या पाकिटातल्या सात बिया उरल्या होत्या.
नळाच्या पाझराशी, कोपऱ्यात,
त्याही लावल्या. तडवींना सांगितलं नाही.

अकरा मार्च. पहाटेची मालगाडी गेली
आणि एक कळी उकललेली दिसली.
फिकी जांभळी, झालरीची.
मी आत येऊन
खिडकी लावायला हात उचलला, आणि तसाच ठेवला.
साडेदहाला पाकळ्या तिकिटासारख्या कडक.

वहीत लिहिलं: अकरा मार्च. एक.
मग पंखा दोनवर केला
आणि तीही तारीख लिहिली, तीच.