मुदतीआधी

फिटनेस अठरा तारखेपर्यंत,
मोतीबिंदूचं ऑपरेशन सोळाला.
म्हणजे शेवटच्या दिवशी गाडी न्यायची कुणी?
म्हणून सव्वीस दिवस आधीच
दर्जीपुऱ्याच्या रांगेत व्हॅन लावली.

एजंट म्हणाला, "शिर्केकाका, एटला वहेला?
उरलेले दिवस पाण्यात जातील."
चार नंबरची खिडकी म्हणाली, "जात नाहीत,
जुन्याच्या शेपटीला नवं जोडतात."
पाच नंबर म्हणाला, "परिपत्रक बघावं लागेल,"
आणि चहाला गेला.

मी बोनेटला टेकून हिशेब मांडला.
सव्वीसातून रविवार वजा, एक झेंडावंदन वजा,
राहिले एकवीस.
रोज दोन खेपा, अकरा मुलं.
हे सगळं बुडतं की पुढे सरकतं
कुणाच्या टेबलावर लिहिलेलं नव्हतं.
कुमुदला आणायला हवं होतं.
ती डेअरीत दुधाच्या पिशव्यांवरची तारीख वाचून
मागची पिशवी ओढून काढते.

मग गाडी रोलरवर चढली.
रोलरला ओळखपाळख नाही.
दहा वर्षांत एक ओरखडा नाही
हे मी कुणाला सांगणार?
दिवे पास. धूर पास. हॉर्न, वायपर पास.
ब्रेक.
मागचं डावं चाक
उजव्यापेक्षा उशिरा ऐकतं.
किती उशिरा, त्याचा एक आकडा आला पडद्यावर
आणि लाल होऊन थांबला.

साहेब माणूस वाईट नव्हता.
"दुरुस्त करून आणा, परत बघू.
तोवर जुनं चालू आहे."

जुनं चालू आहे.
खिशातच होतं, लॅमिनेशन केलेलं,
घामानं एका कोपऱ्यात सुटत आलेलं.
सकाळी नऊला जो कागद
तोच दुपारी एकला.
तोच शिक्का, तीच सही, तीच अठरा तारीख.
मधे फक्त मला कळलं होतं.

परतताना गोल्डन चोकडीच्या सिग्नलला
गाडी वीतभर जास्त सरकली.
कालही सरकली असेल.
गेल्या आठवड्यात मांडवीपाशी गाय आडवी आली
तेव्हा झरणा पुढच्या सीटवर आदळली, हसली,
आणि मी म्हणालो होतो,
दप्तर नीट धरून बस.

रात्री अकरा घरी फोन.
उद्या, परवा व्हॅन नाही. ब्रेकचं काम आहे.
कुणी बरं म्हणालं,
कुणी रिक्षाचे पैसे पगारातून कापू का विचारलं,
कापा म्हटलं.
झरणाची आई जिगीषाबेन वकील.
"पण काका, फिटनेस तर अठरापर्यंत आहे ना?"
आहे.
"मग नियमात बसतं."
बसतं.
झरणा मागच्या डाव्या चाकावर बसते,
हे मी फोन ठेवल्यावर म्हणालो.

वाडीत युनूसभाईनं ड्रम उघडला.
आत तेलानं ओलं, काळं.
बोट फिरवून त्यानं माझ्यासमोर धरलं,
"सील गळतंय. आजचं नाही हे,
चार-पाच महिन्यांचं असेल."
चार-पाच महिने मी सिग्नलला
त्या कागदाला हात लावून बघायचो,
आहे ना, आहे.

दुसऱ्या खेपेला आकडा हिरवा आला.
आता व्हॅन भाचा चालवतोय.
नवा ब्रेक कडक आहे, हळू दाब,
असं त्याला दोनदा सांगितलं,
तिसऱ्यांदा त्यानंच म्हणून दाखवलं.

नव्या कागदावर मुदत कुठून धरली,
त्या सव्वीस दिवसांचं काय केलं,
मी अजून पाहिलेलं नाही.
एका डोळ्यावर हिरवी पट्टी,
दुसऱ्याचा चष्मा सापडत नाही.
कुमुद म्हणाली, आण, मी वाचते.
म्हटलं राहू दे,
आधी दूध बघ, उतू जातंय.