चॅनल तीन

रात्री दोन चाळीसला रोलिंग मिल थांबली
आणि जालना एमआयडीसीत
कुत्र्यांचं भुंकणं ऐकू आलं.
ती रोजच भुंकत असणार.

पडदा म्हणाला : भट्टीचं तापमान शून्य.
भट्टीच्या तोंडाशी घाम निथळत उभा मुख्तार हसला,
"शून्य? ये, हात लावून बघ."

सेन्सर शाबूत होता, वायरही.
मधलं कार्ड गेलेलं.
हे कार्ड बनवणं कंपनीनं बंद केलं
तेव्हा मी परतूरला आयटीआयच्या दुसऱ्या वर्षात होतो.

ढाकणे इंचार्ज : "किती वेळ लागंल?"
दर मिनिटाला तेच,
जणू विचारल्यानं वेळ कमी होतो.

खरातांचं कपाट उघडलं.
खरात रिटायर झाले, बदनापूरला मोसंबी सांभाळतात,
किल्ली अजून त्यांनी गाठ मारलेल्या सुतळीत.
गावोगावचं भंगार इथं वितळायला येतं;
वितळण्याआधी खरात त्यातून काहीबाही
काढून ठेवायचे.
रिले, फ्यूज, एका बंद पडलेल्या सूतगिरणीचा अख्खा पॅनल,
आणि बिस्किटांच्या डब्यात
चंदेरी पिशवीतलं हे कार्ड.
वर चिठ्ठी, निळी शाई :
चालू आहे.
चॅनल तीनवर विसंबू नये.

बस्स. का, कधीपासून, काही नाही.

तिसऱ्याची वायर सोडून सहाव्याला आवळली.
बिजागरीला चिकटपट्टी लावलेला लॅपटॉप मांडीवर,
प्रोग्रॅममध्ये तीनच्या जागी सहा.
"बॅटरी बदलायची ती वीज चालू असताना,
नाहीतर त्याला स्वतःचं नावसुद्धा आठवायचं नाही,"
असं खरात म्हणायचे
आणि मग स्वतःचा चष्मा शोधत बसायचे.

पडद्यावर आकडे हलले.
अकराशे चौऱ्याऐंशी.
मुख्तारनं लांबूनच हात वर केला.
कोंडलेली सळई लालभडक धावत सुटली
आणि कुत्री पुन्हा ऐकू येईनाशी झाली.

गेलेलं कार्ड डब्यात ठेवलं.
चिठ्ठीवर लिहिलं : बंद आहे.
पुढं काय लिहावं, सुचलं नाही.

सकाळी सातला फोन केला.
मागं पाण्याच्या मोटारीचा आवाज.
"तीनला नाही ना लावलं?"
"नाही."
"मग जा, झोप."
"पण सर, तीनला झालंय काय?"

मोटार चालत राहिली.

"आठवत नाही रे," खरात म्हणाले,
"पण लिहिलंय ना मी?"