मागील सभेचे इतिवृत्त

दुसऱ्या रविवारी साडेचारला आम्ही जमायचो,
विक्रोळी, कन्नमवार नगर, दुसरा मजला,
अधिकारीबाईंची रस्त्याकडची खोली.
पगार कुणालाच नाही. चहा आळीपाळीने,
नानखटाई फिलोमिना डाबरे वसईहून आणते.
गणपूर्तीला सातांपैकी चार लागतात.
चौथं माणूस बहुधा जिन्यात असतं,
चपलांच्या आवाजावर आम्ही सभा सुरू करतो.

मी चिटणीस.
एकतीस वर्षं वॉर्ड ऑफिसात जन्म-मृत्यू नोंदवले,
म्हणून वही माझ्याकडे. तात्यांचं अक्षर चांगलं, म्हणाले.
अक्षर चांगलं असलं की माणूस अडकतो.

धर्मादायच्या अर्जात नावाआधी छापलेलं असतं
श्री. / सौ. / कु.
गौरांगीच्या ओळीत मी तिन्ही खोडतो.
कारकून दरवर्षी विचारतो, "हे राहिलं का?"
गौरांगी दरवर्षी सांगते,
"राहिलं नाही हो. मी राहतेय."

मुश्ताक परकार हिशेब सांभाळतो,
अकरा रुपयांसाठी रोजाच्या कोरड्या घशानं भांडलेला आहे.
शैलजाला ऐकू येत नाही, तिचा हात सगळ्यांत आधी वर जातो.
ती ओठ वाचते,
आणि ओठांचं शब्दांच्या आधीच ठरलेलं असतं.

सातवा अंकुश घोणे.
व्हीलचेअर.
संस्थेचं उद्दिष्ट: कोणीही बाहेर राहू नये.
जिना: एकेचाळीस पायऱ्या.
मोजल्या मी. पण फार उशिरा.

तीन वर्षं रात्री नऊला मी त्याला फोन लावायचो,
इतिवृत्त वाचायचो, तो "हं" म्हणायचा,
मी लिहायचो, "श्री. घोणे यांची दूरध्वनीवरून संमती."
एकदा ठराव झाला:
परिसरातल्या शाळांनी दाराशी उतार बांधावा
असं पत्र पाठवण्यात यावं.
एकमताने. दुसऱ्या मजल्यावर.
रात्री वाचून दाखवला.
पलीकडे बराच वेळ फक्त पंखा.
मग म्हणाला,
"तात्या, नानखटाई कशी होती?"

मला वाटलं, चेष्टा.
"परकार कुणावर चिडला? गौरांगी कशाला हसली?
ठराव मला पोस्टानंही कळेल.
भांडण वाचा ना."

मी वही चाळली. भांडण कुठेच नव्हतं.
"सविस्तर चर्चेअंती",
एवढ्या दोन शब्दांत तीन वर्षं पुरली होती,
माझ्याच चांगल्या अक्षरात.

पुढची सभा खाली, मीटरच्या पेटीपाशी,
दोन स्कूटर सरकवून.
वरून कुणाच्या तरी चादरीचं पाणी हिशेबावर टपकलं.
सोसायटीवाले येऊन विचारून गेले, परवानगी कुणाची?
अंकुशनं पहिल्याच तासात अंदाजपत्रक पाडलं.
"शाळा नंतर. आधी ही इमारत."
परकार म्हणाला, पैसा झाडाला लागत नाही.
अंकुश म्हणाला, पत्राच्या तिकिटांना लागतो वाटतं.
शैलजानं दोघांच्या मधे हात धरला,
फिलोमिनानं डबा बंद केला. शिक्षा म्हणून.
मी सगळं लिहिलं. डबासुद्धा.

आणि वरून हाक आली.

अधिकारीबाई. वय ब्याऐंशी, दोन्ही गुडघे गेलेले.
सभा खाली नेताना
त्यांना विचारायचं कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं.
गॅलरीतून दोरीला बांधलेली पिशवी उतरली,
एरवी तिच्यातून पाव आणि कोथिंबीर वर जाते.
आत कॅलेंडरचं फाडलेलं पान, मागे पेन्सिलीनं:
"ठराव क्र. ३. विरोध.
आणि जरा मोठ्यानं बोला."

उतार अजून झालेला नाही.
अंदाजपत्रक चौथ्यांदा मांडायचं आहे.
फिलोमिनानं डबा उघडला, दोन नानखटाया पिशवीत टाकल्या,
पिशवी हलत हलत वर गेली
आणि आम्ही सगळे माना वर करून, अंकुशही,
ती पोचेपर्यंत गप्प.

उपस्थिती: खाली सहा, वर एक.
गणपूर्ती झाली.
भांडण पान चौदा ते एकोणीसवर, सविस्तर.